आधी सह्या मोज

(मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स स्टोअरमधून निवृत्त झालेल्या मॅडम या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची तीन पत्रं एकाच विषयावर होती, म्हणून एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मॅडम, मी टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. आमच्या कॉलेजची रोबोटिक्स टीम सहा वर्षांपूर्वी निघाली. पहिल्या बॅचने रोबोकॉन या रोबोटच्या स्पर्धेत चांगलं नाव काढलं, दुसऱ्या वर्षी त्याहून वर गेले. मग घसरण. गेल्या वर्षी आम्ही व्हिडिओच्या फेरीतच बाद झालो. आता कागदावर नऊ जण आहेत, येतात चार. प्राचार्य म्हणतात आधी निकाल दाखवा, मग पैसे. पास झालेले सीनिअर म्हणतात तुमच्यात पॅशन नाही. पैसे नाहीत, जागा नाही, मुलं नाहीत. हे आमच्याकडेच होतंय का? टीम बंद करून टाकू का?
– नाव छापू नये, ठाणे

उत्तर : बंद करायची की नाही ते शेवटी सांगते. त्याआधी एक काम कर. तुमच्या लॅबच्या स्टोअरमध्ये इश्यू रजिस्टर असेल. कोणी काय नेलं, कधी नेलं, सही. गेल्या दोन वर्षांची पानं उलट आणि रोबोटिक्सच्या नावापुढे वेगवेगळ्या किती जणांच्या सह्या आहेत त्या मोज. सामान किती गेलं ते राहू दे.

मी अठ्ठावीस वर्षं त्या खिडकीत बसले. माझ्यासमोर तीन टीम निघाल्या, दोन संपल्या. पहिली टीम ऐन जोरात होती, रात्री अकराला वॉचमन दिवे मालवायचा तेव्हा कुठे पोरं निघायची, त्या वर्षी माझ्या रजिस्टरवर एकूण चार जणांच्या सह्या होत्या. टीमचा टीशर्ट घालून पंचवीस जण कॅन्टीनमध्ये फिरायचे. मोटर, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट), बॅटरी मागायला यायचे ते मात्र तेच चौघे. चौघे बीई होऊन गेले आणि नव्या वर्षी खिडकीशी कोणी येईना. सगळे म्हणाले, टीम या वर्षी बसली. मी म्हणते ती आदल्या वर्षीच बसली होती, जिंकत होती म्हणून कोणाला दिसलं नाही.

बाकीचे एकवीस जण काय करायचे? वायरी सोलायचे, प्लायवूड रंगवायचे, वडापाव आणायचे, रोबोट टेम्पोत चढवायला हात लावायचे. सीनिअर पोरं वाईट नव्हती हो. स्पर्धा तोंडावर, एक मोटर ड्रायव्हर जळला की दोन-तीन हजार गेले, मग ज्याला येतं त्यानेच करायचं. "तू राहू दे, मी करतो." हे खिडकीतून मला रोज ऐकू यायचं.

तुमचे सीनिअर पॅशन म्हणतात ना? त्यांना एकदा विचार, एसईला, दुसऱ्या वर्षाला असताना तुमच्या हातून काय काय जळलं? भली मोठी यादी येईल. पहिल्या बॅचला सगळं जाळायची मुभा असते, कारण अडवायला वर कोणी नसतं. त्यातून ती बॅच तयार होते, आणि तयार झाली की खालच्यांना काही जाळू देत नाही. मग खालच्यांना येत नाही. येत नाही म्हटल्यावर ते कंटाळतात, एकेक करून यायचे बंद होतात, आणि वर ऐकून घेतात की पॅशन नाही.

आता वर्षांचा हिशेब बघ. एफईचे, पहिल्या वर्षाचे प्रवेश कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) राउंडमध्ये लांबतात, कॉलेज सुरू होईपर्यंत पावसाळा सरत येतो, पहिली सहामाही लॅब कुठल्या मजल्यावर आहे ते कळण्यात जाते. एसईला हात बसायला लागतो. टीईच्या मध्यावर इंटर्नशिपची धावाधाव. बीईला प्लेसमेंट, जीआरई, प्रोजेक्ट. मधे हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट, सबमिशन, एखादी केटी. चार वर्षांतलं भरवशाचं किती? माझ्या मते दीड वर्ष. दीड वर्षात शिकायचं, करायचं आणि पुढच्याला द्यायचं. द्यायचं तेवढं राहून जातं.

(डिप्लोमा करून थेट एसईला आलेली मुलं आहेत का तुमच्याकडे? त्यांना बोलव. लेथवर उभी राहिलेली असतात, टॅप मारून आटे कसे पाडायचे ते माहीत असतं. आमच्याकडे त्यांना उगाच बाजूला ठेवायचे, मला राग यायचा.)

त्यात रोबोकॉनचा स्वभावच असा की दरवर्षी पाटी कोरी. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. आपल्याकडे ती दूरदर्शनने आणली. २००८ आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, तेव्हा आमची पोरं सिंहगड एक्स्प्रेसने नुसती बघायला गेली होती. यजमान देश बहुधा आपल्या मातीतलं काहीतरी विषय म्हणून देतो. २०२२ मध्ये यजमान आपण होतो, दिल्लीत, आणि विषय होता लगोरी! खिडकीशी येऊन पोरं विचारायची, "मॅडम, लगोरी नेमकी कशी खेळतात?" लालबागच्या चाळीत वाढलेल्या बाईला. मी स्टोअर बंद करून पॅसेजमध्ये फरशीचे तुकडे रचून दाखवले. पुढच्या वर्षी कंबोडियाने खांबांवर कड्या फेकायला लावल्या, त्याच्या पुढच्या वर्षी व्हिएतनामने भातशेती करायला लावली. म्हणजे चेंडू फेकणारं ते देखणं यंत्र, ज्याच्यावर पोरांनी आठ महिने घातले, ते वर्षभरात भंगार.

पण सगळं भंगार होत नाही. चाकांची बैठक, मोटर चालवायची सर्किटं, आपण मैदानात कुठे आहोत हे रोबोटला कळण्याची व्यवस्था, हे तेच राहतं. टिकणारी टीम वरचा भाग नवा करते, बैठक तीच ठेवून सुधारत नेते. आमच्याकडे नव्या बॅचला जुन्याला हात लावणं कमीपणाचं वाटायचं. सगळं पहिल्यापासून. शिवाय मोटर कॉलेजच्या पैशाने घेतली की ती डेडस्टॉकला, म्हणजे कॉलेजच्या कायमच्या मालाच्या यादीत चढते, समितीच्या सहीशिवाय सुटी करता येत नाही, म्हणून मेलेले रोबोट अख्खेच्या अख्खे कपाटावर बसून असायचे. त्यातल्या एकाच्या हातावर शिपाईमामा छत्री वाळत घालायचे.

आता वॉशरची गोष्ट सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. दुसऱ्या टीमचा एक रोबोट होता, खाली एन्कोडरची छोटी चाकं. ही चाकं रोबोटला ढकलत नाहीत, नुसती जमिनीवर फिरून किती अंतर गेलं ते मोजतात. स्प्रिंगने जमिनीवर दाबून धरलेली असतात. सीनिअर गेले, नव्यांनी हौसेने रोबोट खोलून, पुसून, परत जोडला. तेव्हापासून तो दोन मीटर गेला की वीतभर एका बाजूला. अकरा दिवस पोरं कोडमध्ये होती. पीआयडीचे, म्हणजे चाल सावरणाऱ्या हिशेबाचे आकडे बदल, परत बदल. एकाने सीनिअरला मेसेज केला, तो तेव्हा जर्मनीत, उत्तर आलं, "भाई याद नहीं."

शेवटी एक मुलगी माझ्याकडे नवा एन्कोडर मागायला आली. जुना कोणी, कधी नेला ते बघायला मी रजिस्टर उघडलं. त्याच पानावर, खाली: एम ६ वॉशर, १ नग. एक वॉशर कोण लिहून नेतो? मी लिहून घ्यायचे, आणि कशासाठी तेही. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं, "डावी स्प्रिंग सैल, मागे टाकायला." डाव्या बाजूची स्प्रिंग कमी दाब द्यायची, चाक घसरायचं, अंतर चुकीचं मोजलं जायचं, म्हणून कोणीतरी मागे वॉशर घातला होता. नव्यांना तो पुसापुशीत हाती लागला, जादा वाटला, डब्यात टाकला. परत घातल्यावर रोबोट सुतासारखा सरळ गेला.

त्या टीमची अख्खी ड्राइव्ह होती, मॉडेल, सर्किट, कोड. फायनल, फायनल २, फायनल खरंच. काय केलं ते सगळं होतं. का केलं ते एका वाणसामानाच्या वहीसारख्या रजिस्टरात, तेही अपघाताने.

तर एक दोनशेपानी वही आण. त्यात रोज फक्त "का" लिहायचं, दोन ओळी, ज्याने काम केलं त्याने, मराठीत लिही, हिंदीत लिही, स्पेलिंग कोणी तपासत नाही. आणि टीमच्या ईमेलचा, कोड ठेवायच्या गिटहबचा पासवर्ड कोणाच्या नंबरला जोडलेला आहे ते आजच बघ. आमच्याकडे ओटीपी तीन वर्षं टेक्ससला जायचा.

बॅटऱ्यांवर मी जास्त बोलते असं मुलं म्हणायची, तरी बोलते. पोरं शेवटच्या सरावाच्या दिवशी लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या फुल चार्ज करतात, मग परीक्षा, मग सगळे घरी. मे महिना, पत्र्याचं कपाट, बंद खोली. जूनमध्ये उघडलं की पाकिटं इडलीसारखी टम्म. लायपोचा एक सेल भरला की ४.२ व्होल्ट, ठेवायचा असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायचा, चार्जरवर स्टोरेज म्हणून वेगळं बटण असतं त्यासाठीच. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, भोक तर मुळीच पाडायचं नाही, आग लागते. एका उन्हाळ्यात आमच्या सहा गेल्या. नवी बॅच आली ती उधारीपासून सुरुवात करत. हे काम सुट्टीआधी कोणाचं? कोणाचंच नव्हतं, कारण जाणारे गेले होते आणि येणारे अजून आले नव्हते. टीम मरते ती अशा मे महिन्यांत. स्पर्धेत हरून मेलेली मी एकही बघितली नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. प्राचार्यांचं चुकतंय, पण ते बदलणार नाहीत. कॉलेजला तीन कोटेशन लागतात, पक्कं बिल लागतं, ३१ मार्चला वर्ष संपतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानदार कोटेशन देत बसत नाही, तुम्हाला मोटर आज संध्याकाळी हवी असते, मग स्वतःच्या खिशातून. परतफेड येईपर्यंत मुलगा पास आऊट. त्याच्यामागून येणारा शहाणा होतो, खिशात हात घालत नाही. म्हणून दरवर्षी लागतंच असं सामान, म्हणजे ड्रायव्हर, कनेक्टर, बेअरिंग, याची यादी ऑगस्टमध्येच स्टोअरला दे. तुमच्या स्टोअरच्या माणसाला वार्षिक मागणीत ते बसवता येतं. त्याच्याशी गोड बोल. प्रायोजक म्हणशील तर पहिल्या वर्षी कोणाचा तरी काका देतो. दुसऱ्या वर्षी का देत नाही? कारण पहिल्या वर्षीचा फोटोसुद्धा कोणी पाठवलेला नसतो.

जागा मुंबईत कोणालाच नाही. बॅडमिंटन कोर्ट १३.४ मीटर लांब, ६.१ मीटर रुंद. रोबोकॉनचं साधारण अर्धं मैदान त्यात मावतं. अर्ध्या मैदानावर सराव करून गेलेल्या टीम मी बघितल्यात. गच्चीवर मांडलेलं प्लायवूड जूनच्या पहिल्या सरीत फुगतं, एवढं लक्षात ठेव. आणि कॉलेज तपासायला नॅकची समिती येणार म्हणून खोली रिकामी करायला सांगतील तेव्हा निदान बैठक कोणाच्या तरी घरी ने.

तुमच्याकडेच होतंय का, विचारलंस. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली, आज जगभर हजारो टीम आहेत. तिथेही नव्या टीमला पहिल्या वर्षी अनुदान मिळतं, कौतुक होतं. पुढे अनुदान आटतं, नोंदणीचे काही हजार डॉलर मात्र भरावेच लागतात, आणि ज्या एका शिक्षकाने भार उचललेला असतो तो थकतो. तिथे ज्या टीम टिकतात त्यांच्याकडे बहुधा बाहेरची मोठी माणसं असतात, नोकरी करणारे इंजिनिअर, आईवडील, वर्षानुवर्षं येणारे. मुलं बदलतात, ती बदलत नाहीत. आपल्या कॉलेजात फॅकल्टी कोऑर्डिनेटर दर वर्षाला नवा, बिचारा कंत्राटावर, त्याच्या वर्कलोडमध्ये हे धरतसुद्धा नाहीत. टिकून असतो तो लॅब असिस्टंट, वर्कशॉपचा टर्नर, स्टोअरवाला. त्यांना टीमच्या फोटोत घेतलंय का कधी? (आता तेही संपत आले. मी २०२३ मध्ये निवृत्त झाले, माझी जागा अजून भरलेली नाही.)

आता तुझा प्रश्न. टीम बंद करू नको. यंदा स्पर्धा बंद ठेव.

एक वर्ष रोबोकॉनला जाऊ नको. प्राचार्यांना सांग, पैसेही नकोत, फक्त खोली राहू द्या. कपाटावरचा जुना रोबोट उतरव, एफई-एसईच्या दहा मुलांना दे. दिवाळीपर्यंत प्रत्येकाने त्याची बैठक एकदा स्वतः खोलायची, स्वतः जोडायची, स्वतः चालवायची. तू खोलीत राहायचंस, हात खिशात घालून. जळेल. जळू दे, जुने ब्रश मोटरचे ड्रायव्हर दोन-अडीचशेला मिळतात, त्याच्यावर शिकू देत. जानेवारीत कप्तान एसईचा कर. मार्चमध्ये रजिस्टर उघड आणि सह्या मोज. दहा झाल्या तर पुढच्या वर्षी ती मुलं जातील.

यात तुझं नुकसान आहे, ते लपवत नाही. तू पुढच्या वर्षी बीईला, तेव्हा मुलाखती असतील. तुझ्या बायोडेटावर कदाचित एकही मोठी स्पर्धा लागणार नाही. ते परवडत नसेल तर चौघे मिळून यंदा जमेल तसं जाऊन या, मजा करा, आणि किल्ली परत करून टाका. त्यातही लाज नाही. मात्र नऊ जणांच्या नावाने चौघांनी मरमर करायची आणि खालच्यांना नावं ठेवायची, हे नको.

प्रश्न : आमच्या अनुदानित मराठी शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) आहे. ती बघणारे सर निवृत्त झाले. अनुदानाची पाच वर्षंही संपली. दोन वर्षं मुलांची टीम होती, बक्षीसही मिळालं होतं. आता कुलूप आहे. मी गणित शिकवते, त्यात निवडणुकीचं काम. मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही. मुलं रोज विचारतात.
– शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : बाई, त्या योजनेत २० लाख असतात, १० उभारणीचे आणि १० पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचे. पहिले १० अजून तुमच्या खोलीत आहेत, कुलपाआड. थ्रीडी प्रिंटर, अवजारं, बोर्ड कुठे गेलेले नाहीत. संपलं असेल ते वायर, सेल, फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार). एवढं माजी विद्यार्थ्यांकडे मागता येतं.

तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स यायची गरज नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास कुलूप उघडा आणि तुमचे पेपर तपासत तिथे बसा. मोठं माणूस खोलीत असलं की पुरे. तुमच्या शाळेतून दहावी होऊन डिप्लोमाला किंवा आयटीआयला गेलेला एखादा मुलगा पंचक्रोशीत नक्की असेल, त्याला बोलवा, चहा पाजा. ही लॅब सहावी ते बारावीसाठी आहे. टीम दहावीच्या मुलांची करू नका, ती मार्चला गेलीच. सातवी-आठवीची करा, म्हणजे दोन वर्षं हाताशी राहतील. आणि सातवीच्या पोराला शिकवायचं काम आठवीच्या पोराकडे द्या, तुमच्याकडे घेऊ नका.

प्रिंटर बंद पडला असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात फिलामेंट दमट होतं, मग तडतडतं, नोझल तुंबतं. रीळ तांदळाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकून.

प्रश्न : मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी पास झालो. टीम आम्हीच सुरू केली होती. आता ज्युनिअर्स फोन करत नाहीत, ग्रुपवर उत्तर देत नाहीत. चुकीचं करतायत ते दिसतं. शनिवारी जाऊन दाखवू का?
– ऐरोली

उत्तर : जा. जाताना वडापाव ने, लॅपटॉप घरी ठेव. त्यांनी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर खा आणि ये. दुसऱ्या शनिवारी परत जा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणीतरी विचारेल.

आणि लॅबची एक किल्ली अजून तुझ्याकडेच असणार. ती आधी दे.